एकाच खांबाला मिळालेल्या हिरव्या व लाल चिठ्ठीबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
भूकंपग्रस्त इमारत पाहणी कक्ष,
नगर बांधकाम कार्यालय.

विषय : आमचे घर धोकादायक असल्याचे मान्य होऊन लाल चिठ्ठी मिळणेबाबत.

संदर्भ : १) घर क्र. ११४/१ ची हिरवी चिठ्ठी, दि. ९ मार्च.
२) घर क्र. ११४/२ ची लाल चिठ्ठी, दि. १२ मार्च.

महोदय,

मी दवाखान्यात एक्स-रे काढण्याचे काम करते. घर क्र. ११४/१ मध्ये पती व दोन मुलींसह राहते. ११४/२ मध्ये माझे धाकटे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुले व सासूबाई राहतात. मुळात हे एकच सिमेंट-काँक्रीटचे घर. सहा वर्षांपूर्वी गच्चीच्या किल्लीवरून दोघा भावांत बिनसले, मधोमध विटांची भिंत उभी राहिली आणि घराला दोन क्रमांक मिळाले. ही भिंत ज्या खांबाला येऊन मिळते, त्याचा अर्धा भाग आमच्या खोलीत दिसतो व अर्धा जाऊबाईंच्या.

दि. ९ रोजी आपल्या कार्यालयाचे उंच साहेब आमच्याकडे आले. त्या दिवशी त्यांची अठरा घरे पाहून व्हायची होती, त्यामुळे त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. भिंत आणि तुळई यांच्या सांध्यातली भेग पाहून ते म्हणाले, "ही भिंतीची भेग आहे, सांगाड्याची नाही." ते बरोबरच होते. खांब मात्र लोखंडी कपाटाआड होता. त्यांनी कपाटाकडे बोट केले तेव्हा माझ्या पतींनी "त्यामागे काय असणार, खांबच आहे" असे उत्तर दिले व चहा पुढे केला. "राहण्यास सुरक्षित" अशी हिरवी चिठ्ठी मिळाली. पतींनी ती जिन्यात उभे राहून, पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात वाचली.

दि. १२ रोजी चष्मेवाले साहेब जाऊबाईंकडे गेले. तिथे त्याच खांबाचा गिलावा पडला होता. आत तिरका तडा, वाकलेल्या सळया व त्यांना बांधून ठेवणाऱ्या, पण उकललेल्या रिंगा दिसत होत्या. त्यांनी लाल चिठ्ठी लावून सर्वांना तत्काळ बाहेर काढले, कपडे घ्यायलाही आत जाऊ दिले नाही. तेही बरोबरच.

त्यामुळे पलीकडची पाच माणसे आमच्याकडे आली व आम्ही नऊ जण त्याच खांबाच्या "सुरक्षित" बाजूला राहू लागलो. जाऊबाईंनी विचारले, "ताई, हा खांब माझ्या खोलीत धोक्याचा आणि तुमच्या खोलीत बिनधोक, हे कसं काय?" पती म्हणाले, "सरकारी कागद आहे, काहीतरी अर्थ असेलच." त्यावर सासूबाई इतकेच बोलल्या, "आपल्या वाटण्या झाल्यात हे त्या खांबाला कुणी सांगितलं?"

हाड मोडले आहे की नाही हे ठरवताना आम्ही एका बाजूच्या फोटोवर भागवत नाही, दोन बाजूंनी काढतो. म्हणून मी कपाट हलवायला सांगितले. कपाट जड आहे, एकट्याने हलणार नाही, अशी सबब पतींनी दिली. तेव्हा दीर उठले आणि त्यांनी दुसरे टोक धरले. सहा वर्षांत दोघांत शब्द नव्हता. "उचल," हे म्हणाले. "दादा, पाय सांभाळ," दीर म्हणाले. आमच्या मुली तोंडात बोट घालून बघत राहिल्या.

कपाटामागे तोच तडा निघाला, आरपार. माझी बांगडी त्यात कडेने बसली. पतींचा चेहरा उतरला. एरवी कशावरही दोन तास वाद घालणारा माणूस, त्या दिवशी त्यांनी आईला हाताला धरून सर्वांच्या आधी बाहेर नेले.

दुसऱ्या दिवशी मी आपल्या कार्यालयात आले. खिडकीवरच्या लिपिकसाहेबांनी सौजन्याने सांगितले की लाल चिठ्ठीविरुद्ध हरकतीचा नमुना आहे, हिरवीविरुद्ध नाही. "बाई, घर सुरक्षित आहे अशी तक्रार आजवर कुणी केली नाही. राहा की सुखानं!" शिवाय घर सुरक्षित असल्यामुळे आम्हाला शाळेच्या निवारा-सभागृहात जागा मिळत नाही. ती जाऊबाईंच्या कुटुंबालाच मिळते. म्हणून आम्ही चौघे शाळेच्या पटांगणात ताडपत्रीखाली राहतो. "दादा बाहेर आणि आम्ही आत, हे दिसतं तरी कसं?" असे म्हणून दिरांनीही आपल्या चौघांची अंथरुणे बाहेर आणली. सासूबाई तेवढ्या आत आहेत, आणि दर तासाला बाहेर येऊन सर्वांना मोजून जातात.

सबब विनंती की, एकाच अधिकाऱ्याने एकाच भेटीत खांब दोन्ही बाजूंनी पाहावा, हातोडीने ठोकून काँक्रीट आतून पोकळ झाले आहे का ते तपासावे व आम्हालाही लाल चिठ्ठी द्यावी. खांब दुरुस्त होण्याजोगा असल्यास तसे लिहून द्यावे, नसल्यास तेही स्पष्ट लिहावे. ऐकण्याची आमची तयारी आहे.

आणखी एक बाब. ओळखीचे गवंडी म्हणतात की तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे तर मधली भिंत आड येते. परंतु खांब खचल्यामुळे ती भिंत आता थोडा भार घेत असेल, असाही त्यांना संशय आहे. म्हणून आपल्या लेखी परवानगीशिवाय आम्ही तिला हात लावणार नाही. मात्र पाहणीनंतर ती पाडणे योग्य ठरल्यास दोन्ही भावांपैकी कोणाचीही हरकत नाही. पहिला घाव कोणी घालायचा एवढ्यावरूनच सध्या त्यांचे भांडण चालू आहे.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेल्या,

(सही) थोरली जाऊ, घर क्र. ११४/१
(सही) धाकटी जाऊ, घर क्र. ११४/२

दि. १७ मार्च

सोबत :
१) दोन्ही चिठ्ठ्यांच्या प्रती.
२) खांबाचे दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो.
३) भिंत पाडण्यास ना-हरकत पत्र, दोन्ही भावांच्या सह्यांचे, एकाच कागदावर.