शुक्रवारपर्यंतचं ध्येय

तीर्थरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझ्या गुडघ्याचं कसं आहे ते आधी कळव. लेप चालू ठेव, जिने चढू नकोस, आणि हे पत्र बसूनच वाच, कारण मजकूर काळजीचा आहे. इकडे सगळे बरे. माझं पोट परवा बिघडलं होतं (खाण्यानं नव्हे, विचारानं).

तर आपली बटण पहिलीत बसली. (नाव पटावर चांगलं मोठं आहे, पण नात मला अजून बटणाएवढीच दिसते.) बाईंनी सांगितलं होतं की पोरं रुळेपर्यंत घरचं एक माणूस वर्गात मागे बसलं तरी चालेल. मुलगा आणि सून कामावर जातात, तेव्हा मागचा बाक माझ्या वाट्याला आला. बाक गुडघ्याएवढा. मी बसलो तो बसलोच, मधल्या सुट्टीत दोन पोरांनी ओढून काढलं. वर्गाची शिस्त कडक आहे. दप्तर खुंटीला, बाटली टोपलीत, चपला रेषेवर, बोलायचं तर आधी हात वर. बटणला हे अर्ध्या दिवसात आलं. मला वेळ लागला. बाईंनी सात आणि पाच किती विचारलं, आणि मी हात वर न करता बारा सांगून टाकलं (चाळीस वर्षं मापं घेतलेल्या शिंप्यासमोर असलं विचारूच नये). बाईंनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. त्यात एक ससा तोंडावर बोट ठेवून उभा आहे. मीही ठेवलं. पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "बाई, आजोबा नवीन आहेत." बाई म्हणाल्या, "हो, आपण त्यांना सांभाळून घेऊ."

पहिला आठवडा असा गेला. दुसऱ्या सोमवारी बाईंनी प्रत्येकाला ध्येय विचारलं. पोरांनी सांगायचं, बाई कार्डावर लिहिणार. (ध्येय म्हटल्यावर मला घाम फुटला. आपल्या वेळी ते चौथीनंतर देत असावेत, मी त्याआधीच शाळा सोडली.) बाई म्हणाल्या, ध्येय लहान हवं, शुक्रवारपर्यंत होणारं हवं आणि मोजता आलं पाहिजे. मोजायचं म्हटल्यावर माझा हात सवयीनं खिशातल्या टेपकडे गेला, पोरं हसली आणि बाईंना पुन्हा ससा दाखवावा लागला. एकानं सांगितलं, पेन्सिल चावणार नाही. बटणनं मात्र बाईंच्या कानात सांगितलं. घरी विचारलं तर म्हणे, "ते शाळेतलं आहे, आजोबा."

बुधवारी कार्डं दोरीला टांगलेली दिसली. चष्मा पुसून बटणचं वाचलं. "शुक्रवारपर्यंत माझे आजोबा मला फाटकावर सोडून एकटे घरी जातील. घरीच राहतील." खाली चांदण्या चिकटवायला पाच चौकोन, पाचही रिकामे. पेन्सिल चावणाऱ्यालासुद्धा दोन मिळाल्या होत्या.

मी बाईंना म्हटलं, काहीतरी चूक होते आहे, माझ्यावाचून पोरीचं पाऊल उचलत नाही. बाई म्हणाल्या, "ती पहिल्याच दिवशी रुळली, आजोबा. तुमचं आपण हळूहळू करू. आज दाराबाहेर, उद्या जिन्याखाली, शुक्रवारी फाटक."

दाराबाहेर स्टूल मिळालं. तिथे एका पोराच्या सदऱ्याचं बटण लोंबत होतं, ते शिवून दिलं. सुट्टीनंतर सात पोरं आपापली बटणं तोडून हातात घेऊन उभी (रांग मात्र सरळ होती). मुख्याध्यापकांनी त्या सातांना आणि मला एकत्रच समज दिली.

शुक्रवारी मी फाटकाबाहेर बारा पावलं गेलो. मग बटणची बाटली टोपलीत गेली की नाही ते बघायला परत आलो. बाईंनी एक चांदणी कात्रीनं अर्धी कापून बटणच्या कार्डावर चिकटवली. सबंध वर्गात तेवढं एकच ध्येय अपुरं राहिलं. बटण रागावली नाही. माझं बोट धरून म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी जमेल हं. घाई नाही." रागावली असती तर बरं झालं असतं.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जप.

तुझा धाकटा

ता. क. घरी अकरा ते चार कुणी नसतं. तुझी भावजय गेल्यापासून भिंतीवरचं घड्याळ फार मोठ्यानं वाजतं, म्हणून मी त्याचा सेल काढून ठेवला आहे. आता चार वाजले का ते बघायलाही शाळेतच जावं लागतं.

ता. क. दुसरं. लहानपणी तू मला हाताला धरून शाळेत सोडायचीस आणि तू घरी पोचायच्या आत मी पोचलेला असायचो. आता पुढच्या शुक्रवारच्या आत ये आणि मला हाताला धरून शाळेतून घरी ने. काही दिवस राहा. वर जिन्यांबद्दल लिहिलं आहे ते खोडलं असं समज, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो.

ता. क. तिसरं. हे पत्र टाकायला मी कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत एकटा जाणार आहे. बटण दारात उभी राहून बघणार आहे. एवढ्यावर उरलेली अर्धी चांदणी मिळते का, ते सोमवारी वर्गात हात वर करून विचारतो.