करटुल्याच्या नर वेली

प्रिय आत्याबाई,

कुंपणावरच्या करटुल्याला आज सकाळी पिवळी फुलं आली. पौषात तुम्ही गेलात, त्यानंतरचा हा पहिला बहर. तुमच्याइतकं कौतुक दुसऱ्या कुणाला असणार? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

सेनगावच्या बाजारात न्यायला करटुली हवीत म्हणून डोंगरातून कंद तुम्हीच आणलेत. मी तेव्हा नवी सून, बारावी सायन्स, जरा जास्तच बोलणारी. निम्म्या वेलींना नुसती फुलं यायची. तुम्ही म्हणालात, "असल्या वेली काहून ठेवायच्या? जागा खाऊन राहिल्या."

"आत्याबाई, त्या नर वेली हायेत. राहू द्या."

मी माहेरी गेले तेवढ्यात तुम्ही त्या सगळ्या उपटल्यात!

मग फळ धरेना. मादी फुलामागची इवली करटुली पिवळी पडून गळायची. आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मीही हट्टानं गप्प बसले. ते चुकलंच माझं.

नवव्या दिवशी सकाळी तुम्ही एकट्याच डोंगरात जाऊन आलात. माझ्यापुढं पदर सोडलात, त्यात नर फुलं. "दाव बरं, काय करायचं?"

मी एक फूल मादीच्या फुलावर हलकेच टेकवलं.

"पण दोन्ही एकाच वेलीला काहून न्हाईत?"

मी सांगितलं, आपलेच पराग आपल्याच फुलाला मिळत गेले तर वंश कमजोर होतो. म्हणून करटुल्यानं नर-मादी वेगळ्या वेलींवर ठेवलीत. सीताफळाच्या एकाच फुलात दोन्ही असतात, पण त्याचे पराग मुद्दाम उशिरा सुटतात.

तुम्ही म्हणालात, "म्हंजे वेलीलाबी एका कुळातली सोयरीक चालत न्हाई. मंग आधी असं सांगायचं की."

आठवड्यात फळं फुगली. पण माझं बरोबर होतं, एवढं काही तुम्ही म्हणाला नाहीत.

काल शेजारच्या शेतातली रुक्साना पुढच्या सालासाठी कंद सांगून ठेवायला आली. म्हणाली, "तुमच्या सासूनं आमाला समद्यायला फूल टेकवायला शिकवलं. म्हणायच्या, हे आमच्या सुनंदानं दावलं, तिचं ऐकत जा."

गावभर सांगितलंत, मग मलाच का नाही?

शब्द देते, कंद मागायला येईल तिला डोंगरातून आणून नराचा कंदही देईन आणि फूल टेकवून दाखवीन. आणि उद्या या घरात माझी सून आली, तिचं एखादं म्हणणं खरं ठरलं, तर ते मी तिच्या तोंडावर सांगेन.

तुमची सून,
सुनंदा