चुकेल त्याने चेंडू आणायचा

खोर फक्कान,
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर ख्यालीखुशाली आणि महत्त्वाचं ते पत्रात, हा बाबांचा शिरस्ता पाळून लिहितेय. रफिकभाई परवा कंपनीची बस घेऊन जबल अलीला निघतील, त्यांच्याकडे देईन.

पोर्टवरच्या नोकरीचं माझं सहावं वर्ष. आठ वर्षांत तुझे क्लबही सहा झाले. तरी बाबांच्या वहीत कात्रणं तुझीच. काठमांडूत तू चार मिनिटं खेळलास, तेही चिकटवलंय. मी प्रमोशनचं सांगितलं तर म्हणाले, छान, आणि कुशलचा गुडघा कसा आहे?

मिरजेत टाकीच्या भिंतीवर त्यांनी बास्केटबॉलची रिंग ठोकली होती. चुकेल त्याने चेंडू आणायचा, हा त्यांचा नियम. दुपारभर तूच धावायचास. क्लबसाठी मुंबईला पाठवलं मात्र तुला. असं मनात येतं आणि मग माझीच मला लाज वाटते.

गुडघा शेकत जा. महिनाअखेरीस तुझा व्हिसा संपतोय. फुजैराच्या क्लबनं घेतलं नाही तर परतच जावं लागेल, तेव्हा जागरणं नकोत.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
अस्मिता

ता. क. कोच अर्सलानचा आज माझ्या नंबरवर फोन आला होता. तुझं सिम सारखं बदलतं म्हणून तू माझा दिला होतास ना. ट्रायल आता रविवारी नाही, गुरुवारी सकाळी नऊला आहे.


जबल अली,
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चि. अस्मितास,
अनेक आशीर्वाद.

रफिकभाई नेहमीप्रमाणे गुरुवारी जेवणाच्या वेळेला आले. ता. क. वाचला तेव्हा दीड वाजला होता. कोचला लगेच फोन केला. वाट पाहिली, खलास, म्हणाला.

बुधवारी आपण अर्धा तास फोनवर बोललो, अस्मे. इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून तू रडकुंडीला आली होतीस.

रागावलेलो नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? एक मात्र सांगतो. तुझ्या दारावर तुझं नाव आहे. मला दर मोसमाला नवी किल्ली मिळते, आणि मोसम संपला की ती परत करायची. त्या पाटीकडे मी किती वेळा बघत उभा राहिलोय, ते तुला माहीत नाही.

बाबांना अजून काही कळवलेलं नाही. पीठ फुगलं का?

आहे तसाच,
दादा


खोर फक्कान,
सोमवार, १० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र गुरुवारी दुपारी पोहोचेल हे मला ठाऊक होतं. बुधवारी फोनवर शब्द ओठांपर्यंत आले होते, आणि मी पिठाचं बोलले. महत्त्वाचं पत्रातच लिहायचं असतं, असं स्वतःला बजावत राहिले. नियम पाळला की आपण खोटे ठरत नाही, असं वाटलं. वहीत एक पान तरी कोरं राहावं, एवढंच मला हवं होतं.

आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून फुजैराला गेले. चूक माझी आहे, माझ्या भावाला निरोपच मिळाला नव्हता, असं कोच अर्सलानला हिंदीत सांगितलं. त्यानं मला बराच वेळ उभं ठेवलं. मग म्हणाला, बुधवारी सकाळी नऊ, दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. घेईन असंही म्हणाला नाही. नुसतं इन्शाल्ला.

हे पत्र तुला मिळेल तोवर ट्रायल होऊन गेलेली असेल. म्हणून क्लबच्या पायरीवरूनच तुला फोन केला. बाबांचा शिरस्ता मोडला. फोनवर तू एवढंच म्हणालास, नवे बूट घेणार असशील तर नंबर अजून अकराच आहे. त्यावर मी किती रडले ते इथे लिहून ठेवते.

फोनवर सांगितलं तेच पुन्हा लिहितेय: मंगळवारी रात्री मुक्कामाला ये, दारावरची पाटी वाचत बसू नकोस. बुधवारी सकाळी सातला क्लबचं कोर्ट सरावाला मिळेल, मी विचारून ठेवलंय. तू नेम धर. या वेळी चुकले मी आहे. चेंडू मी आणून देईन.

तुझी,
अस्मिता