एकशे दोन ताप

१४ मार्च, शुक्रवार
सकाळी सात वाजून दहा मिनिटे

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बाळाचं वजन तू ‘साडेतीन किलोच्या आसपास’ लिहिलंस. आसपास म्हणजे काय गं? आईला नीट काट्यावर करायला सांग. मी बरा आहे. दूध रोज उतू जातं, एवढंच.

तू विचारलंस, अर्धवेळ कामाचा अर्ज देऊ का? जावईबापूंना बढती मिळतेय, कुणीतरी एकानं थांबायला हवं, आणि ‘तुम्हा दोघांचं कसं छान जमलं!’

जमलं. कसं, ते ऐक.

लग्न झालं तेव्हा एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर होतो आम्ही. पगार पैशापर्यंत सारखा. मी पुस्तकं वाचून स्वतःच शिकलेला, कुणाचं ऐकून न घेणारा. पण मी कातलेल्या दांड्यावर नख फिरवून तुझी आई म्हणायची, “अहो, केसभर जास्त आहे.” मायक्रोमीटर लावला की केसभरच जास्त निघायचं. लोक चिडवायचे, “मास्तर, बायकोचं नख उसनं घ्या!”

तू आठ महिन्यांची होतीस. फोरमनच्या एका जागेसाठी परीक्षा होती, यादीत आम्ही दोघंच. सकाळी तू किरकिरत होतीस. थर्मामीटर मी पाहिला. “एकशे दोन,” म्हणालो.

तिनं हातातला डबा खाली ठेवला. “तुम्ही जा. माझं काय, पुढच्या वेळी.”

पुढची वेळ आलीच नाही. तुझा गोवर, तुझी शाळा, माझ्या पाळ्या. दर वेळी मीच म्हणायचो, “तुझाच पगार कमी, तूच थांब.” आणि थांबली म्हणून तो आणखी मागे पडायचा. आज तो माझ्या निम्म्याहून कमी आहे. सव्वीस वर्षं ती कारखान्यात मला ‘साहेब’ म्हणते. तुझ्या बाळंतपणासाठी बिनपगारी रजाही तिनंच काढली. मंजुरीची सही माझी.

ठमे, पारा अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहावर होता. मी माप कधी चुकीचं वाचत नाही. त्या दिवशीही नीटच वाचलं होतं.

अर्ज देऊ नकोस, असं सांगायचा मला अधिकार नाही. पण देण्याआधी हे पत्र आईला वाचून दाखव. ती चष्मा शोधत विचारेल, “काय म्हणतायत साहेब?” तू मोठ्यानं वाच. आकडा गाळू नकोस.

तिच्या परतीच्या गाडीची वेळ मी विचारणार नाही.

तिचा साहेब,
तुझा बाबा