फळ्यावरचं पत्र

मंगळवार, संध्याकाळ. सोमाटणे

समुद्रकाठची माझी ती नामांकित बोर्डिंग शाळा आपला इतिहास छापतेय, म्हणून आमची जुनी पत्रं मागवलीत. आईनं ट्रंकेतून गठ्ठा काढून दिला. दर रविवारी सर फळ्यावर पत्र लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. 'मी मजेत आहे. समुद्र छान आहे.' सगळ्या पत्रांत तेच. ताप होता तेव्हाही तेच. आईला हे कधी सांगितलं नाही. का नाही?

आज तिनं एक पत्र वेगळं काढलं. "तुजं आजोबा गेलं त्या आठवड्यातलं हाय ह्ये. तुजं वडील तुला आणाया निघालंच व्हतं. तेवढ्यात ह्ये पत्र आलं. म्या म्हनलं, पोरगं मजेत हाय, ऱ्हाऊ द्या तितंच."

आजोबा गेल्याचं मला सुट्टीत घरी आल्यावर कळलं होतं. इतकी वर्षं वाटायचं, मला बोलवायचं विसरले.

"लय छान लिव्हायचास," आई म्हणाली.

मी 'हो' म्हटलं. रडू वगैरे काही आलं नाही. पत्र पाकिटात घातलं. शाळेनं सोबत आठवणीच्या दोन ओळी मागितल्यात. लगेच लिहून टाकल्या.

मी मजेत होतो. समुद्र छान होता.