काळी रेघ

वसतिगृह, खोली क्र. १४
दि. ३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनच करणार होते. पण चाळीस वर्षं फरशी घासायच्या मशीनपाशी काढल्यावर तुम्हांला 'हॅलो'च्या पुढचं ऐकू येत नाही, आणि आईला मध्ये घातलं की ती स्वतःच्या मनाचं सांगते. म्हणून पत्र.

माझ्या लवणस्तंभाच्या चाचण्यांचे आकडे आलेत आणि माझं डोकं फिरलंय. गुहेच्या छतातून थेंब पडतो, त्यातला चुना खाली साचतो आणि थरावर थर चढून खांब वर वाढतो, हे तुम्हांला सांगून झालंय. तळाचा थर सगळ्यांत जुना, शेंड्याचा सगळ्यांत नवा. त्या त्या काळी पाऊस किती झाला ते त्या त्या थरावरून कळतं. तुम्ही जोडून दिलेल्या तीन तुकड्यांपैकी खालच्याची वयं बरोबर आलीत, वरच्याचीही. मधल्या तुकड्यात मात्र वर जावं तसं वय वाढतंय. बापापेक्षा मुलगा मोठा.

चाचणीवाल्यांनी नमुन्यांच्या नळ्यांचे नंबर उलटे लावले असणार. त्यांना तीन कडक पत्रं लिहिली. तिन्हींना एकच थंडगार उत्तर, नंबर बरोबर आहेत. सर म्हणतात, मधला तुकडा वगळून टाक. अहो, माझा दोनशे वर्षांचा दुष्काळ त्याच तुकड्यात आहे. तो गेला तर प्रबंधात उरलं काय? ३१ तारखेला सादर करायचा, नाहीतर आणखी दोन वर्षं इथेच.

आता जोडांजवळून नवे नमुने घ्यायचेत, पण तुम्ही जोड असे केलेत की ते सापडत नाहीत. कुठे आहेत तेवढं कळवा. विषयांतर नको.

लोभ आहेच, सध्या जरा चिडका आहे.

आपली,
ठमी

दि. ९ मार्च

चि. ठमीस अ. आ.

पत्र पावलं. जोड सापडत नाहीत हे वाचून फार बरं वाटलं. तळापासून चौदा सेंटिमीटरवर एक आणि साडेसव्वीसवर दुसरा. नख फिरवून बघ, तरी लागणार नाही.

ते काम सोपं नव्हतं. तू वरची बाजू कोणती ते सांगून तीन तुकडे आणलेस, त्यांचे काठ चुरलेले. ते कापून सपाट केले. मग मधला तुकडा सरळ ठेवला तर अंगावरची तिरकी काळी रेघ बोटभर बाजूला सरकायची. डोळ्यांना खुपत होतं. फिरवून, वरचं टोक खाली करून ठेवला, तर खालच्या तुकड्याच्या रेघेशी अशी बसली की मीच बघत राहिलो. मग जोडून उभा चिरला, तेव्हा मधल्या भागातले थर सरळ वाटीसारखे दिसले, वरखालचे पालथ्या वाटीसारखे. म्हटलं, असेल दगडाची लहर.

बाकी त्या चाचणीवाल्यांवर एवढी आग कशाला पाखडतेस? नाचता येईना अंगण वाकडं, असं व्हायला नको. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. विषयांतर केलेलं नाही.

जेवत जा.

तुझे बाबा

दि. १३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न.

फिरवला? वरचं टोक खाली? बाबा, ही तुमच्या गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्याची फरशी नव्हती. त्या दगडाला वर आणि खाली एवढी दोनच महत्त्वाची टोकं होती, आणि तुम्ही रेघ जुळावी म्हणून दुष्काळ डोक्यावर उभा केलात.

ओरडायचं तरी कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. आणि खरं सांगायचं तर तुमच्याइतकाच मला माझाही राग आलाय. वाढत्या स्तंभाचे थर पालथ्या वाटीसारखे असतात हे पहिल्या वर्षाच्या पोरांना कळतं. मी अकरा महिने नमुने घ्यायच्या मधल्या रेषेवर भिंग लावून बसले. दोन हात मागे सरून अख्खा दगड एकदाही बघितला नाही. सर तर नुसते आलेखच बघतात. त्या बिचाऱ्या चाचणीवाल्यांच्या बाबतीत मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी झाली.

तुकडा उलटा केला की सगळी वयं ओळीत बसतात. पण सर म्हणतात, परीक्षक विचारतील, सोयीचं म्हणून फिरवलात कशावरून? पुरावा हवा. आणि मला एकदा विचारायला काय झालं होतं?

ठमी

दि. १८ मार्च

चि. ठमीस अ. आ.

विचारलं होतं. तू कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून होतीस. म्हणालीस, चालेल. आई साक्षीला आहे. ती म्हणते, यांना ऐकू येत नाही आणि ही ऐकत नाही, या दोघांना एका घरात ठेवलं कुणी?

माझं चुकलं. चार दिवस जेवण गोड लागलेलं नाही. तुझी वर्षं त्या दगडात आहेत हे मला कळायला हवं होतं.

पुरावा आहे. आमच्याकडे फरशी बसवण्याआधी तिच्या झाकल्या जाणाऱ्या बाजूला पेन्सिलीनं खूण लिहून ठेवतात. तशी मधल्या तुकड्याच्या वरच्या तोंडावर लिहिली, मग फिरवला. खूण खालच्या जोडाच्या आत आहे. सरांसमोर जोड हळूहळू गरम कर, आतला गोंद सुटेल. असा जोड या हातांनी परत व्हायचा नाही, हात कापतात आता. पण तोड.

आशीर्वाद आहेतच.

तुझे बाबा

दि. २० जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

प्रबंध वेळेत गेला आणि काल तोंडी परीक्षा पार पडली. पास झाले. चाचणीवाल्यांना माफीचं लांबलचक पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर नेहमीसारखंच थंडगार.

जोड सुटायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मला दोनदा रडू आलं, सरांना वाटलं धुरानं. चिरताना तुमची अक्षरंही मधोमध कापली गेली होती, म्हणून दोन्ही अर्धुकं शेजारी ठेवून वाचावं लागलं. आत काय लिहिलंय ते तुम्ही पत्रात कळवलं नव्हतंत. प्रबंधाच्या शेवटी त्याचा फोटो जोडलाय. काल परीक्षकांनी तो भर सभेत मोठ्यानं वाचला आणि पुरावा पुरेसा आहे म्हणाले: 'ही बाजू वर. उलटा बसवतो आहे. ठमीस विचारले. न बघता चालेल म्हणाली.'

रविवारी येते आहे. नव्या गुहेतले चार तुकडे आणते. तुम्ही जोडा, हात कापू लागले तर मी धरेन. आणि काही विचारलंत तर आधी मान वर करून बघेन, मग उत्तर देईन.

आपली,
ठमी