अर्धा कोयता आणि शनिवारचे डबे

शिरूर कासार, सोमवार

नेकनूरच्या विमलबाई विहीणबाईंना शिरूरच्या गंगासागरचा शरणार्थ. तुमचे गुडघे कसे हायत? दारात कोण आलंय ते बघायला उठता येतंय ना? हे पत्र जिनं आणलं तिच्याकडूनच वाचून घ्या, जावईबापू रानातून यायची वाट बघू नका. ते अडचणीची ओळ गाळून वाचतात, असं आमची लेकच सांगते. बारा वर्षांखाली लग्नात पोळ्या कमी पडल्या म्हणून तुमी पंगतीतून उठलात, त्याचा राग मी कधीच सोडलाय. पोळ्या पुरून उरल्या होत्या, तेवढं फक्त ध्यानात असू द्या. (लिही गं, गाळू नको.) इथं एसटीडीचा पिवळा डबा आलाय, पण आत बोललेलं बाहेर बाकावर पाचजण ऐकतात, म्हणून हा कागद.

आमच्या मागल्या दाराला आसारामचं घर हाय. त्याची थोरली शिवकन्या, तुमी तिला पाहिली न्हाई. सतरावं चालू हाय, बारावीला, आमच्या बसवेश्वराकडं गणित शिकते. येत्या गुरुवारी तिचं लग्न. तुळशीचं लग्न अजून लांब, पण मुकादमाचा ट्रक मुहूर्त बघत न्हाई. नवरा सुग्रीव एकटा गडी, आणि ऊसतोडीत एकट्याला अर्धा कोयता धरतात, नवराबायको मिळून पुरा. त्याचा अर्धा कमी पडतोय, म्हणून ही. पोरीला परीक्षा द्यायचीय. एवढं लग्न कुणी थांबवतंय का ते बघायला मी परवा कॉलेजात गेलते.

तिथले प्राचार्य भगवानराव मागं औरंगाबादला शिबिराला जाऊन आलेत. देश आता खुला झाला, शिकवणंही खुलं करा, असं तिथं कळलं म्हणे. तवापासून दर शनिवारी दुपारी समद्या मास्तरांनी डबे एकत्र खायचे आणि एकेकानं शिकवायची नवी तऱ्हा सांगायची. सून बाळंतपणाला माहेरी, बसवेश्वर डबा विसरतो (पोटाची भाकरी विसरणारा माणूस पोरांना काय लक्षात ठेवायला शिकवणार), म्हणून डबा मी नेला आणि रिकामा परत न्यायच्या निमित्तानं दाराशी बसून राहिले. विहीणबाई, असली पंगत तुमी पाहिली न्हाई, न्हाईतर उठलाच नसता. भूगोलवाल्यानं कांदा चिरून पृथ्वीचे थर दाखवले आणि मग मीठ लावून पृथ्वी खाल्ली. इतिहासवाल्यानं ठेच्याचा किल्ला करून त्याला भाकरीच्या तुकड्यांचा वेढा दिला, तर विज्ञानवाल्यानं किल्लाच पुसून नेला. तेलकट हातांच्या टाळ्या.

मग आमचे चिरंजीव उठले. मी केलेली भाकरी मधोमध मोडली, एक तुकडा या हातात, एक त्या. म्हणाला, बारावीला आली तरी आपल्या पोरांचे अपूर्णांक कच्चे, ते त्यांना उसाच्या फडातून शिकवावेत. अर्धा कोयता अधिक अर्धा कोयता बरोबर एक कोयता. भगवानराव म्हणाले, वा, मातीतलं गणित! वहीत लिहून घेतलं. बसवेश्वर हसत म्हणाला, वर्गात गंमतच झाली, एक पोरगी उठून म्हणाली, सर, दुसऱ्या अर्ध्याला बेरजेत यायचंच नसलं तर? समदे हसले. (थांबलीस कावून? लिही.)

मी दारातूनच विचारलं, "मग काय उत्तर दिलंस रं तिला?"

"आई, ते अभ्यासक्रमात न्हाई."

पदर खोचून आत गेले. म्हटलं, साहेब, गुरुवारी तिची बेरीज हाय. तुमी समदे उठून आसारामच्या दारात उभे राहा, शिकलेल्या माणसांपुढं तो मान खाली घालतो. भगवानरावांनी लई अदबीनं खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, "आजी, विषय गंभीर आहे. पुढच्या शनिवारी पहिलाच घेऊ." म्हणजे गुरुवार झाल्यावरच्या शनिवारी. घंटा झाली. जाता जाता, भाकरी मऊ होती म्हणाले. बसवेश्वराच्या तऱ्हेला पहिला नंबर मिळालाय. निम्मा वर्ग ट्रकात बसून गेलाय, उरलेल्या निम्म्याला तो आता अर्धा शिकवतोय.

बाकी क्षेम. गुडघ्याला एरंडाचं पान बांधा. लेकीला, जावयांना आशीर्वाद. खालचा अंगठा माझाच.

ता. क. काल आसारामकडं गेलते. म्हणाला, "मावशे, आमी सहा महिने फडावर, वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवू?" माझं घर त्याच्या भिंतीला भिंत लागून, सुग्रीव पहिला माझ्याच दारात येईल. तुमचं घर लांब, आणि नेकनूरहून बीडला एसटी हाय, तिथं परीक्षेचं पुढचं बघता येईल. परीक्षेपर्यंत पोर ठेवून घ्या. भाकऱ्या थापते, अक्षर सुरेख हाय, वाचते कशी ते तुमी ऐकतायच. होय, तीच. लिहिलंही तिनंच. आता ती थांबली असंल, तिला पाणी द्या आणि मग पुढचं वाचायला सांगा.

ता. क. दुसरा. हा कागद चुलीत घाला. कुणी विचारत आलं तर म्हणा, गंगासागरला अक्षर येत न्हाई, तिचं पत्र कुठलं? गुरुवारी मांडवात मीही हेच सांगणार हाय.

ता. क. शेवटचा. पोळ्या कमी पडल्या होत्या. कणीक मीच कमी भिजवली होती. आता तिला आत घ्या.